शुद्ध भूमी कोणासाठी?

हायाओ मियाझाकी यांची ‘वाऱ्याच्या दरीतील नाउशिका’ ही विज्ञानकथात्मक चित्रकथामाला जपानमधील ‘अ‍ॅनिमेज’ या मासिकात फेब्रुवारी १९८२ मध्ये सुरू झाली आणि मार्च १९९४ मध्ये संपली. तिच्या सातव्या आणि शेवटच्या खंडात नायिकेच्या हातून जे घडते ते धर्मकृत्य मानावे की महापातक, याविषयी वाचकांत तेव्हापासून जो मतभेद पडला आहे, त्याच्या मुळाशी धर्मविचारातील एक जुना प्रश्न आहे. माणसाला जगण्याचा हक्क शुद्ध होऊन मिळवावा लागतो, की अशुद्ध, सदोष आणि हिंसक असतानाही त्याचे जगणे त्याचे स्वतःचेच असते? पहिल्या पक्षाला मान्यता दिली तर नाउशिका अपराधी ठरते, दुसऱ्याला दिली तर तिचे समर्थन करता येते. पण दोन्ही बाजूंचे वाचक ज्या एका गोष्टीकडे पुरेसे पाहत नाहीत ती तिच्या कृत्यापेक्षाही अवघड आहे, आणि ती म्हणजे त्या कृत्यानंतरचे तिचे मौन.

मांगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रकथांचा पसारा बालवाङ्मयापासून प्रौढांसाठी लिहिलेल्या दीर्घ, गंभीर कादंबरीवजा रचनांपर्यंत असून ५९ प्रकरणांची ही माला दुसऱ्या प्रकारात मोडते. मियाझाकी यांची ख्याती मुख्यतः चित्रपट दिग्दर्शक म्हणून आहे आणि चित्रपटांच्या कामासाठी त्यांना ही माला वेळोवेळी थांबवावी लागे, त्यामुळे जो वाचक शाळेत असताना तिच्याकडे वळला तो शेवट वाचताना संसारी माणूस झालेला होता; मधल्या काळात सोव्हिएत संघ कोसळला आणि युगोस्लाव्हियात शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठले. १९८४ मध्ये याच कथेच्या सुरुवातीच्या भागावर त्यांनी चित्रपट काढला आणि तो पुष्कळ अधिक लोकांपर्यंत पोहोचला. चित्रपटात नायिका आपला प्राण देते, भविष्यवाणीत सांगितल्याप्रमाणे सोनेरी प्रकाशात पुन्हा उठते आणि निसर्ग व माणूस यांचा समेट होतो. या धार्मिक थाटाच्या शेवटाविषयी स्वतः मियाझाकी समाधानी नव्हते. त्यांनी पुढची दहा वर्षे मालेत जे लिहिले त्याने हा समेट हळूहळू मोडून काढला, आणि म्हणून चित्रपटावरून मत बनवलेला प्रेक्षक आणि सातवा खंड वाचून संपवलेला वाचक एकाच नायिकेविषयी बोलत असले तरी एकाच कथेविषयी बोलत नसतात.

कथेचे जग असे आहे. ‘अग्नीचे सात दिवस’ या नावाने आठवल्या जाणाऱ्या युद्धात महाकाय मानवनिर्मित योद्ध्यांनी औद्योगिक संस्कृती जाळून टाकली, त्याला हजार वर्षे उलटली आहेत, आणि आता पृथ्वीचा मोठा भाग फुकाई नावाच्या विषारी अरण्याने व्यापला आहे. फुकाई म्हणजे कुजता समुद्र. त्यात झाडांच्या जागी प्रचंड बुरशी वाढते, तिचे बीजाणू हवेत विष सोडतात, मुखवटा न घालता तेथे गेलेल्या माणसाची फुप्फुसे काही मिनिटांत सडतात, आणि या अरण्याचे रक्षण ओमु नावाचे डोंगराएवढे, अनेक डोळ्यांचे कीटक करतात. वाऱ्याच्या दरीतील राजकन्या नाउशिका लपवलेल्या प्रयोगशाळेत याच अरण्यातील रोपे खोल विहिरीच्या पाण्यावर वाढवून पाहते आणि तिच्या लक्षात येते की स्वच्छ माती व पाणी मिळाले तर ती विष सोडत नाहीत. विष मातीत आहे, आणि अरण्य ते शोषून निरुपद्रवी वाळूत रूपांतरित करत आहे. या कल्पनेमागे मिनामाता उपसागराची आठवण असल्याचे मियाझाकी यांनी सांगितले आहे. तेथील रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याच्या संयुगाने माणसांच्या मज्जासंस्था उद्ध्वस्त केल्या, १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली, मासेमारी थांबली, आणि माणसाने सोडून दिलेल्या त्या पाण्यात मासे मात्र विष पचवून वाढत राहिले.

पहिल्या दोन खंडांच्या वाचकाला येथे एक आश्वासक तत्त्वज्ञान सापडते: माणूस घाण करतो, निसर्ग ती धुतो, आणि माणसाने नम्र व्हावे एवढेच अपेक्षित आहे. पण सातव्या खंडात, जुन्या जगातील वनस्पती, संगीत आणि काव्य जपून ठेवणाऱ्या एका बागेत, नाउशिकाला तिचा राखणदार सत्य उमजू देतो. फुकाई हा निसर्ग नाही, प्राचीन संस्कृतीच्या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या शुद्धीकरणासाठी रचलेली ती यंत्रणा आहे; ओमुही तिचाच भाग; आणि आज जिवंत असलेली माणसेसुद्धा मूळ माणसे नाहीत, विषारी हवेत टिकाव लागावा म्हणून त्यांची शरीरे कधीकाळी बदलण्यात आली होती. परिणामी अरण्याने आपले काम पूर्ण करून पृथ्वी स्वच्छ केली, की त्या स्वच्छ हवेत हीच माणसे रक्त ओकून मरतील. शुवा येथील समाधिगृहात, म्हणजे प्राचीनांनी आपले ज्ञान जिथे गाडून ठेवले त्या जिवंत वास्तूत, भावी मानवजातीची अंडी राखलेली आहेत: शांत, बुद्धिमान, हिंसेची वासना नसलेली माणसे, जी शुद्ध झालेल्या पृथ्वीवर जन्म घेतील. तेथेच सध्याच्या माणसांची शरीरे पूर्ववत करण्याचे तंत्रही आहे. समाधिगृहाचा स्वामी तिला या योजनेत सामील होण्यास सांगतो, ती नकार देते, आणि तिला आई मानणाऱ्या ओमा नावाच्या महायोद्ध्याला ती वास्तू नष्ट करण्याची आज्ञा करते. अंडी मरतात, तंत्र नाहीसे होते, आणि आताची माणसे स्वतःच्या अटळ भवितव्यासह, त्याची काहीही कल्पना नसताना, मागे उरतात.

या शेवटावर रुष्ट झालेल्या वाचकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात की निष्पाप जीवांचा एवढा मोठा संहार कथेत दुसऱ्या कोणीही केलेला नाही. अहिंसेची आणि कीटकांवरही करुणा करण्याची जिची ख्याती, तिने जन्माला येण्याआधीच एक संपूर्ण मानवजात मारली. शिवाय तिने कोणाला विचारले नाही, म्हणजे ज्या प्राचीनांनी इतरांच्या वतीने परस्पर निर्णय घेतला म्हणून ती संतापते, त्यांच्याच वाटेने ती गेली. तिची बाजू घेणाऱ्यांतील अनेक जण यावर असे उत्तर देतात की जी माणसे जन्मलीच नाहीत त्यांची हत्या होऊ शकत नाही. हे उत्तर कच्चे आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात दाखवून दिले की भविष्यातील माणसांबाबत आपली नेहमीची न्यायबुद्धी अडखळते, कारण आपण वेगळा निर्णय घेतला तर तीच माणसे अधिक सुखी होतात असे नसून बहुतेक वेळा ती माणसे अस्तित्वातच येत नाहीत आणि त्यांच्या जागी दुसरी येतात. तेव्हा कोणाचे नुकसान झाले हे सांगणे कठीण होते. परंतु पार्फिट यांचा पेच ज्यांचे अस्तित्व अद्याप ठरलेलेच नाही अशा माणसांविषयी आहे, आणि शुवाची अंडी त्या अवस्थेच्या पुढे गेलेली आहेत. ती घडलेली आहेत, त्यांचा जन्म केवळ काळाची बाब आहे. नाउशिका स्वतःही या पळवाटेचा आधार घेत नाही. आपल्यापेक्षा सौम्य आणि शहाणी होणार होती अशी माणसे आपण नष्ट केली, या पापाच्या खोलीने आपण थरथरतो, असे ती कथेच्या अखेरीस बोलून दाखवते. जे वाचक तिला पापमुक्त करू पाहतात त्यांनी तिची ही कबुली तिच्या शत्रूंच्या आरोपाइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी.

निराश झालेल्या वाचकांचा आणखी एक वर्ग आहे, आणि त्याची निराशा अंड्यांविषयी नाही. अरण्य आणि ओमु यांच्यात ज्याला पृथ्वीमातेचे रूप दिसले होते, त्याला ते सगळे माणसानेच रचलेले निघाल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटते: ज्याला नमस्कार केला तो देव नव्हताच, ती एक गाळणी होती. येथे मात्र माला या वाचकाच्या पुढे निघून गेली आहे. पाचव्या खंडात दोरोक या धर्मसत्ताक राज्याने युद्धासाठी तयार केलेली एक बुरशी हाताबाहेर जाऊन भूमी गिळत सुटते. प्रयोगशाळेत जन्मलेला, भयाने वेडापिसा झालेला तो जीव नष्ट करण्याचा विचार ओमुंना शिवत नाही. त्यांचे थवे त्याच्याकडे धाव घेतात, स्वतः मरून त्याच्यासाठी अरण्याची जमीन होतात आणि त्याला अरण्यात सामावून घेतात. निर्मात्याने विषनाशासाठी योजलेल्या कीटकाच्या ठायी ही करुणा कोणी घातली? ती योजनेत नव्हती. हजार वर्षे जगताना ती उपजली. यावरून निघणारा निष्कर्ष धर्मचिंतनाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एखादा जीव कोणत्या हेतूने निर्माण झाला यावरून त्याच्या जगण्याचा अर्थ ठरत नाही, कारण जगणे म्हणजे बदलणे, आणि बदलणारा जीव निर्मात्याच्या हेतूत मावत नाही. म्हणूनच समाधिगृहाविरुद्ध नाउशिकाचा खरा आक्षेप असा आहे की सगळे काही बदलेल, ओमु बदलतील, बुरशी बदलेल, माणूस बदलेल, पण ती वास्तू बदलू शकत नाही. तिने काळाच्या एका क्षणी ‘शुद्ध’ काय ते ठरवले आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक जीवाला त्या ठरावाचे साधन केले. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, हे कांटचे नीतितत्त्व येथे माणसापलीकडे कीटकापर्यंत आणि बुरशीपर्यंत पोहोचलेले दिसते. हा निसर्गपूजेचा पराभव मानण्याचे कारण नाही, उलट ओमु निर्मित आहे हे कळल्यावर त्याच्यापुढे नम्र होण्याला अधिक सबळ कारण मिळते.

शुद्धतेच्या प्रश्नाला जपानी धर्मपरंपरेत जी एक वाट आहे तिच्या उजेडात हा शेवट वाचला, तर वाचकांच्या वादातील गाठ सैल होते. जपानमधील बौद्धांचा फार मोठा समाज शुद्ध भूमी पंथाचा अनुयायी आहे. शुद्ध भूमी म्हणजे अमिताभ बुद्धाचा लोक, संस्कृत सूत्रांतील सुखावती, जिथे जन्म मिळालेल्या जीवाला ज्ञानप्राप्ती निश्चित असते. या पंथातील शिनरान (११७३–१२६३) या विचारवंताने असे प्रतिपादन केले की अमिताभाची करुणा सर्वप्रथम पापी माणसासाठीच आहे, कारण जो स्वतःला सज्जन समजतो तो स्वतःच्या पुण्याईवर विसंबून राहतो, तर ज्याला आपले पाप धुता येणार नाही हे कळले आहे तोच करुणेवर पूर्णपणे भार टाकतो. शिनरानच्या विचारात दुसरीही एक गोष्ट आहे: शुद्ध भूमीत गेलेला जीव तेथे रमत नाही, तो या दुःखी जगात इतरांसाठी परततो. मालेच्या सहाव्या खंडात सेल्म हा अरण्यवासी नाउशिकाला ध्यानसदृश अवस्थेत अरण्याच्या पलीकडच्या, आधीच शुद्ध झालेल्या भूमीचे दर्शन घडवतो. तेथे गवत आहे, पाणी आहे, पक्षी आहेत, आणि ती तेथून माघारी फिरते. विषारी हवेतल्या, एकमेकांना कापणाऱ्या माणसांकडे परत येते. मियाझाकी यांच्या मनात शिनरान होता असे येथे म्हणायचे नाही. परंतु शिनरानची शुद्ध भूमी आणि शुवाची शुद्ध भूमी यांची तुलना केली की दोहोंतील अंतर लख्ख होते: पहिलीच्या दारात माणूस आहे तसा स्वीकारला जातो, दुसरीच्या दारात आहे तो माणूस मरतो आणि त्याच्या जागी त्याच्याहून बरा कोणीतरी जन्म घेतो. ज्या मुक्तीत मुक्त होणारा उरतच नाही ती मुक्ती कोणाची, हा प्रश्न शुवाच्या स्वामीला कधी पडत नाही. मराठी वाचकाला तर शुद्धतेचा हा हट्ट अनोळखी नाही. चोखामेळा आणि सोयराबाई यांनी विटाळाविषयी विचारलेल्या प्रश्नांचा रोखही असाच, ज्यातून देह घडतो त्यालाच अपवित्र म्हणणाऱ्यांच्या दाव्यावर होता.

समाधिगृहाला दिलेला नकार म्हणून समर्थनीय ठरतो, आणि तो पापरहित नसूनही समर्थनीय ठरतो. काही टीकाकारांनी यात मियाझाकी यांच्या राजकीय विचारांतील उलथापालथ पाहिली आहे, आणि तिला आधार आहे. ही माला पूर्ण करण्याच्या काळात आपण मार्क्सवादापासून दूर झालो असे त्यांनी सांगितले आहे. उद्याच्या निर्दोष माणसासाठी आजच्या सदोष माणसाला खत म्हणून वापरणाऱ्या योजनांचा विसाव्या शतकाला जो अनुभव आला, तो शुवाच्या भिंतींत ओळखता येतो. तरीही कथेला केवळ एका विचारसरणीचे रूपक मानणे तिच्यावर अन्याय करणारे आहे, कारण रूपकात एक बाजू चुकीची असली की दुसरी आपोआप निर्मळ ठरते, आणि येथे तसे होत नाही. वास्तू कोसळताना तिच्यातून वाहिलेले रक्त ओमुच्या रक्तासारखेच असल्याचे नाउशिकाच्या ध्यानात येते; ज्याला तिने शत्रू म्हणून मारले तो तिच्या सर्वाधिक प्रिय जीवाचा भाऊबंद होता.

हे रक्ताचे नाते आणि शरीरे बदलल्याची हकीकत, ही दोन्ही रहस्ये ती फक्त सेल्मशी वाटून घेते आणि लोकांना एवढेच सांगते की आता जगायला हवे. तिचे चाहते या मौनाला करुणा म्हणतात: ज्या रोगावर औषध उरलेले नाही त्याचे निदान सांगून काय साधणार? पूर्व आशियात अत्यंत आदराने वाचल्या जाणाऱ्या सद्धर्मपुंडरीकसूत्रात या युक्तिवादाला बळ देईल अशी कथा आहे. जळत्या घरात खेळण्यात गुंगलेली मुले हाकेला दाद देत नाहीत म्हणून बाप त्यांना बाहेर तऱ्हेतऱ्हेचे खेळण्याचे गाडे ठेवल्याचे सांगतो, मुले धावत बाहेर येतात, आणि बाप सगळ्यांना एकसारखा, सांगितल्याहून कितीतरी मोठा बैलांचा गाडा देतो. बाप खोटे बोलला काय, असे बुद्धाने विचारल्यावर त्याचा शिष्य शारिपुत्र नाही म्हणतो. ऐकणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे सत्य मांडण्याच्या या रीतीला उपायकौशल्य म्हणतात. पण सूत्रातल्या बापाला जे समर्थन आहे ते नाउशिकाला नाही. मुले आगीतून बाहेर आली आणि त्यांना सत्य दिसले. त्याचे असत्य क्षणभराचे होते आणि ते स्वतःच फिटले. नाउशिकाचे मौन कधी फिटणार नाही, कारण तिच्याजवळ देण्यासाठी गाडा नाही, तो तिनेच मोडला आहे. शिवाय ज्या दोषासाठी शुवा नष्ट झाली तो नुसता योजना आखण्याचा दोष नव्हता. माणसांच्या शरीराविषयीचे आणि भवितव्याविषयीचे ज्ञान त्याच माणसांपासून लपवणे हा तिचा मूळ अपराध होता, आणि तो अपराध नाउशिका वारशाने घेते.

या मौनाच्या समर्थनार्थ अधिक विचारी वाचकांनी मांडलेला एक मुद्दा मात्र विचारात घ्यावा लागतो. शुद्धीकरण पुरे होण्यास फार मोठा काळ लागणार आहे, जीव बदलत राहतात हे मालेने दाखवले आहे, तेव्हा त्या दिवसापर्यंत माणसाचे शरीरही बदलेल. आज मृत्युदंड सुनावणे म्हणजे शुवाच्या स्वामीचेच भाकीत अंतिम मानणे होय. या युक्तिवादात तथ्य आहे, परंतु तो सत्य लपवण्याच्या बाजूने जात नाही, सांगण्याच्या बाजूने जातो. माणूस बदलू शकतो यावर विश्वास असेल तर सत्य सोसण्याची त्याची शक्तीही बदलू शकते हे मान्य करावे लागते. ज्याला ती शक्ती नाकारली त्याच्या जगण्याचा सन्मान अर्धाच राखला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि दूषित झालेल्या भूमीत राहावे की निघून जावे हा प्रश्न खऱ्याखुऱ्या कुटुंबांपुढे उभा ठाकला, तेव्हा त्यांना सर्वाधिक निकड कशाची होती तर आपल्या मातीत, पाण्यात आणि मुलांच्या शरीरात किती विष आहे हे खरेखरे कळण्याची. विषासोबत जगण्याचा निर्धार त्याचे माप ठाऊक असलेल्यालाच करता येतो.

कथेचा उपसंहार थोडक्यात उरकला आहे. तोरुमेकिया राज्याची राजकन्या कुशाना राजमुकुट न स्वीकारता राज्यकारभार पाहते, नाउशिका दोरोकांच्या भूमीत राहते, आणि पुढे ती दरीत परतली अशी एक परंपरा सांगते तर अरण्यवासीयांकडे गेली असे दुसरी. तिने कोणाला काही सांगितल्याचा उल्लेख त्यात नाही. ज्यांच्या वतीने तिने निर्णय घेतला त्या माणसांना तो चूक की बरोबर हे म्हणण्याची संधी कधीच मिळत नाही. नाउशिका आणि सेल्म यांच्याखेरीज ते रहस्य वाचकालाच माहीत आहे, आणि म्हणून अंड्यांविषयी, मौनाविषयी, शुद्ध भूमीच्या हक्काविषयी वाचक जो वाद करतात तो दरीतल्या माणसांना नाकारलेला वाद आहे. तो मिटवण्याची घाई करणारे समीक्षक, मग ते तिला संत ठरवणारे असोत की संहारक, त्या माणसांना दुसऱ्यांदा गप्प बसवतात.